वाजू दे, पुन्हा करील

सांगलीच्या गावभागात आमचं घर होतं. तीन भाऊ, तीन जावा, आजी, लग्न व्हायची होती ती आत्या आणि आम्ही सगळी चुलत भावंडं. आता आम्ही पन्नाशी-साठीला आलोय. कुणी पुण्यात, कुणी ठाण्यात, एक जण न्यू जर्सीत. गणपतीत घरी जमतो आणि जेवणं आटोपून पानाचा डबा मध्ये आला की बोलणं हटकून संध्याकाळच्या सातवर येतं. बाकीच्या आठवणींवर आमची भांडणं होतात, सायकल कुणी मोडली आणि अढीतले आंबे कुणी पळवले यावर अजून निकाल लागलेला नाही. सातच्या आठवणीवर मात्र सगळ्यांचं एकमत.

सात म्हणजे दिवेलागण. माडीवर असा, अंगणात असा, नाहीतर कृष्णेच्या घाटावर असा, त्या वेळेला घरात यायचं. हातपाय धुवायचे आणि देवघरासमोर बसायचं. आजी समई लावायची. शुभंकरोती, रामरक्षा, भीमरूपी आणि मग पर्वचा. पर्वचा म्हणजे काय ते आताच्या मुलांना सांगावं लागतं. तीसपर्यंतचे पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, त्यानंतर मराठी महिने, तिथी आणि सत्तावीस नक्षत्रं. सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं. धाकटी भावंडं थोरल्यांच्या आवाजाला धरून म्हणायची आणि त्यातच कधीतरी त्यांना पाठ होऊन जायचं.

आमचं मन तेव्हा देवात असे, असं कुणी म्हणणार नाही. भूक लागलेली असायची, शेजारचा चिमटे काढायचा, पाऊणकीला हमखास कुणाला तरी हसू फुटायचं. तरीही सगळे बसत. ऑफिसातून आलेले काका खुंटीला शर्ट अडकवून मागे येऊन उभे राहत. आई आणि काकू स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत, पण नक्षत्रात कुणी चुकलं की आतून दुरुस्ती येई. घरातल्या सगळ्यांचं लक्ष एका जागी असण्याचा तो पाऊण तास होता, आणि असा पाऊण तास रोज मिळत होता.

मग नमस्कार. आधी देवाला, नंतर घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला, वयाच्या क्रमाने. आजीचा नमस्कार लांबायचा. वाकलं की ती पाठीवरून हात फिरवायची आणि हात फिरवता फिरवता तिला बरंच काही कळायचं. ‘अंग कढत लागतंय गं याचं,’ असं ती म्हणाली की थर्मामीटर लावायची गरज नसे. एकदा थोरल्याने नमस्कार घाईत उरकला तर तिने त्याचा दंड धरून ठेवला, तोंडाकडे बघितलं आणि सगळे पांगल्यावर हळूच विचारलं, ‘शाळेत काय झालं?’ चाचणी परीक्षेत नापास झाल्याचं त्याने अजून कुणालाच सांगितलेलं नव्हतं. देवाचं करण्यात माणसांचीही विचारपूस अशी रोज होऊन जायची. त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नव्हता, म्हणून तेव्हा त्याचं मोलही कुणाला जाणवलं नाही.

फोन आला तो ऐंशीच्या दशकात. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहायचे ते दिवस होते. काळं, जड यंत्र, डायलच्या भोकात छोटं कुलूप, आणि वर आत्याने क्रोशाने विणलेलं झाकण. त्याची जागा ओसरीवर. त्यामुळे कुणाचा फोन, काय बोलणं झालं, हे सगळ्या घराला ठाऊक. आळीतल्या निम्म्या लोकांच्या लग्नपत्रिकांवर आमचा नंबर ‘पी. पी.’ म्हणून छापलेला असे. फोन आला की आमच्यापैकी कुणीतरी अनवाणी धावत जाऊन शेजारच्या काकूंना बोलावून आणायचं, आणि त्या येईपर्यंत पलीकडच्याची खुशाली विचारत राहायचं.

पर्वचा चालू असताना फोन वाजला की आम्हा पोरांची नुसती चुळबुळ व्हायची. आजी डोळे न उघडता म्हणायची, ‘वाजू दे. काम असेल तो पुन्हा करील.’ आणि तो खरंच पुन्हा करायचा. काकांना हे पटत नसे. ट्रंक कॉल असला तर, दवाखान्यातून असला तर, असं ते म्हणत. ते चूक नव्हतं. ट्रंक कॉल बुक करून तासन्तास थांबावं लागे, अर्जंटला दुप्पट पैसे पडत, लाइटनिंगला त्याहून कितीतरी जास्त, आणि तीन मिनिटं झाली की ऑपरेटर मध्ये बोलायचा. अशा फोनमागे कुणाची तरी निकड असायची. तरीसुद्धा आजीने आपला नियम सोडला नाही. देवासमोर बसलेल्या माणसाला उठवायचा अधिकार यंत्राला नाही, एवढंच तिचं म्हणणं. आज आम्हाला ते तेव्हापेक्षा जास्त पटतं.

पुढे एसटीडीचे पिवळे बूथ आले. रात्री अकरानंतर पाव दर, म्हणून होस्टेलवरची आमची भावंडं अकराला रांगेत उभी राहायची आणि इकडे घर जागं असायचं. मीटरचे आकडे पळताना दिसत असल्यामुळे फालतू बोलणं होतच नसे. ‘जेवलास का’पासून सुरू व्हायचं आणि ‘आजीला नमस्कार सांग’वर संपायचं.

दूरदर्शनचाही दोष कुणी काढतं, म्हणून सांगायला हवं. 1987 च्या जानेवारीत ‘रामायण’ सुरू झालं आणि रविवारी सकाळी आळीतली माणसं आमच्या ओसरीवर मावेनात. काकूने टीव्हीला हार घातला होता. संध्याकाळच्या बातम्यांनी आणि चित्रपटांनी आमचा सातचा पाऊण तास हळूहळू पंधरा मिनिटांवर आणला, हेही खरं. पण टीव्हीसमोर सगळे एकच गोष्ट बघत होते. एकाच प्रसंगाला डोळे पुसत होते आणि जेवताना त्याच प्रसंगावर वाद घालत होते. घराचं लक्ष देवघरातून ओसरीवर सरकलं, तरी फुटलं नाही.

ते फुटलं मोबाइलने. 31 जुलै 1995 ला ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीला सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल कॉल केला, ती बातमी आम्ही पेपरात वाचली आणि विसरून गेलो. येणाऱ्या कॉललाही पैसे पडत तोवर ते श्रीमंतांचं काम होतं. 2003 मध्ये इनकमिंग फुकट झालं आणि आमच्या घरात एकामागून एक फोन आले. तेव्हाही तो फोनच होता. पोचलो की एक मिस्ड कॉल, खाली ये म्हणून दोन. 2016 च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि प्रत्येकाच्या हातात प्रत्येकाची वेगळी ओसरी आली.

याचं खापर पोरांवर फोडायची पद्धत आहे, ती आम्हाला मान्य नाही. आमच्या घरात फोनमध्ये सगळ्यात आधी हरवली ती मोठी माणसं. धाकटी काकू, जिला सगळा हरिपाठ तोंडपाठ, ती आता सकाळी फोनवर हरिपाठ लावते आणि तो चालू असतानाच शुभ सकाळची चित्रं पुढे पाठवत बसते. ओठ हलत नाहीत. तिला एकदा प्रेमाने विचारलं, तर म्हणाली, ‘अरे, लावलाय की.’ पूर्वी ती चुकली की थांबायची, मागे जाऊन पुन्हा धरायची. आता चुकायची सोयच राहिली नाही. पारायणाचंही तसंच. गुरुचरित्राचे 52 अध्याय, गजानन विजयचे 21, ज्ञानेश्वरी अर्थासकट, सगळं त्या काचेत आहे, अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं, आणि म्हाताऱ्या डोळ्यांना त्याचा फार आधार आहे. पण पोथी वाचताना पोथीतून कुणी हाक मारत नाही. फोनवर अध्याय निम्म्यावर असताना वरच्या कडेला भाच्याच्या वाढदिवसाचा फोटो येतो, काकू तो उघडते, आणि अध्याय तिथेच राहतो.

आमच्यातला एक भाऊ इगतपुरीला धम्मगिरीवर विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिराला जाऊन आला. तिथे पहिल्याच दिवशी फोन जमा करून घेतात आणि मौन सुरू होतं. सुरुवातीचे दिवस हात आपोआप खिशाकडे जायचा, असं त्याने सांगितलं. श्वासावर लक्ष ठेवायला सांगितलेलं, आणि लक्ष दोन श्वास टिकेना. ‘पर्वच्याला बसायचो तेव्हा आपण पाऊण तास बसायचो रे,’ असं तो आम्हाला म्हणाला आणि बराच वेळ कुणी काही बोललं नाही. ज्या लक्षाने देवापुढे बसायचं त्याच लक्षाने आई बोलत असताना ऐकायचं असतं. एक तुटलं की दुसरंही तुटतं, हे आमच्या घराने स्वतःवर पाहिलंय. आई दुखण्याबद्दल सांगत असते, आम्ही ‘हं’ म्हणत असतो, नजर खाली असते. ती मध्येच थांबते. तिचं थांबणंसुद्धा आम्हाला उशिरा कळतं.

दसऱ्याचं सोनं हे आणखी एक दुःख. आपट्याची पानं घेऊन संध्याकाळी घरोघर जायचं, थोरांच्या पाया पडायचं, वर्षभर अबोला धरलेल्या काकांच्या दारातही त्या दिवशी जावंच लागायचं आणि तिथे गेल्यावर चहा घ्यावाच लागायचा. आमच्या घरातली दोन मोठी भांडणं अशी सोन्याच्या निमित्ताने मिटली. आता पहाटेपासून ग्रुपवर आपट्याच्या पानांची चित्रं येतात, सगळे सगळ्यांना हात जोडतात, आणि अबोला असेल तर तो तसाच राहतो, कारण कुणाच्या उंबऱ्यावर जायची वेळच येत नाही.

फोनचे उपकारही आम्ही विसरलेलो नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी गावभागात शिरलं, तेव्हा ‘सगळे माडीवर आहोत, सुखरूप’ हा एक निरोप पुण्याला पोचला आणि तिकडच्यांच्या जिवात जीव आला. 2020 मध्ये आषाढीला माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या, दरवर्षी चालत जाणाऱ्या थोरल्या काकांनी तो सोहळा फोनवर पाहिला आणि पडद्यापुढे दंडवत घातला. त्यांचं लक्ष त्या वेळी पूर्ण तिथे होतं, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. पुढच्याच वर्षी ते गेले, तेव्हा न्यू जर्सीतल्या भावाने त्यांचं शेवटचं दर्शन त्याच फोनवर घेतलं. ज्या वस्तूने हे दिलं तिला शिव्या देणं आमच्याच्याने होत नाही.

आमच्याच सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने 2022 च्या ऑगस्टमध्ये एक ठराव केला. रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरचे मोबाइल आणि टीव्ही बंद होतात. करोनात शाळा फोनवर गेली, पोरं फोनला चिकटली ती सुटेनात, म्हणून गावाने एकत्र येऊन हे ठरवलं. मुलांनी अभ्यास करावा, घरच्यांनी एकमेकांशी बोलावं, एवढाच हेतू. ही बातमी वाचली तेव्हा आम्हाला त्यातल्या दोन गोष्टींनी धरून ठेवलं. एक म्हणजे वेळ: सात. आणि दुसरी अशी, की हे कुणा एका घराने केलेलं नाही. एकट्या घराने फोन बाजूला ठेवला तर त्या घरातला मुलगा मित्रांत मागे पडतो, बाईला वाटतं कुणाचा महत्त्वाचा निरोप चुकला. सगळं गाव एकदम बंद करतं तेव्हा चुकण्यासारखं काही राहत नाही. आमच्या आजीला ‘वाजू दे’ म्हणणं सोपं होतं, कारण तेव्हा आळीतल्या प्रत्येक देवघरात दिवा लागत होता आणि त्या वेळी फोन करू नये हे फोन करणाऱ्यालाही बहुतेक ठाऊक असे.

गेल्या गणपतीत आरतीला आम्ही तिसावर माणसं उभी होतो. आत्या, आता घरातली सगळ्यात वडील, खुर्चीवर बसून टाळ्या वाजवत होती. तिच्या लक्षात आलं की टाळ्यांचा आवाज फार बारीक येतोय. बघते तर निम्म्या जणांचे हात वर, प्रत्येकाच्या हातात फोन, सगळे एकाच मूर्तीचं एकसारखं चित्रीकरण करताहेत. एका हाताने टाळी वाजत नाही. तिने आरती थांबवली नाही, मंत्रपुष्पांजली पूर्ण होऊ दिली आणि प्रसाद वाटताना प्रत्येकाला हातात पेढा देत तेवढंच विचारलं, ‘म्हटलीस का आरती?’ धाकट्या पिढीतल्या दोन मुलींनी प्रामाणिकपणे सांगितलं, नाही.

त्यावर रात्री सगळे बसलो, पोरंही बसली. फोन बंद ठेवायचा म्हटलं तर न्यू जर्सीतल्या घराला आरती कशी दिसायची, हा प्रश्न पोरांनीच काढला, आणि तो बरोबर होता. शेवटी तोडगाही त्यांनीच दिला. या वर्षीपासून आरतीला एकच फोन चालू राहील, तो तिकडच्यांसाठी. बाकीचे आतल्या खोलीत, आवाज बंद करून. फोन धरणारा रोज बदलायचा, म्हणजे कुणाचीच आरती बुडणार नाही. आत्याने त्याला एक पुरवणी जोडली आहे: आरती झाली की दहा मिनिटं दिडकी. शिकवायला ती स्वतः बसणार.