हरवलेले टाळ

मित्रांनो, एखादी वस्तू हरवली की आपण काय करतो? घरभर शोधतो. कपाटाखाली वाकून बघतो, दप्तर उलटं करतो आणि शेवटी आईला विचारतो. पण आवाज हरवला तर? तो कुठे शोधायचा? आमच्या घरात टाळांचा आवाज हरवला होता. आणि तो हरवलाय हे कळायलाच आम्हाला तब्बल चार वर्षं लागली. त्याचीच ही गोष्ट.

माझ्या वडिलांना, म्हणजे आबांना, गाण्याचं भारी वेड. १९७८ साली नोकरीत बढती मिळाली तेव्हा त्यांनी रेकॉर्ड प्लेअर, अँप्लिफायर आणि मोठ्या लाकडी पेट्यांचे दोन स्पीकर घेतले. "एवढ्या पैशांत छानसं कपाट आलं असतं!" असं आजी म्हणाली होती म्हणे. पण रविवारी सकाळी पंडित भीमसेन जोशींच्या अभंगांची रेकॉर्ड लागली की आजीच आधी येऊन बसायची. आम्ही भावंडं त्या आवाजानेच जागे व्हायचो. अभंग रंगात आला की मागे टाळ खणखणायचे आणि आबा चहाचा कप बाजूला ठेवून रिकाम्या हातांनीच टाळ धरायचे.

चार वर्षांपूर्वी हे सगळं हळूहळू बंद पडलं. आधी रोजचं आठवड्यावर आलं, मग सणासुदीला, मग तेही नाही. विचारलं तर आबा म्हणायचे, "टाळ ऐकू येत नाहीत गं आता. कान गेले माझे." आबा आता ७८ वर्षांचे आहेत. वय झालं की कान मंदावतात हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. त्यामुळे आम्ही कोणी पुढे काही विचारलंच नाही. प्लेअरवर कापड आलं, कापडावर फुलदाणी आली. झालं!

मग दिवाळीच्या सुट्टीत माझी भाची आली. ती आठवीत आहे. तिने फुलदाणी उचलून खाली ठेवली आणि म्हणाली, "आबा, हे चालतं का हो? लावा ना!" नातीला नाही कोण म्हणेल? आबांनी तीच अभंगांची रेकॉर्ड काढली. पोरीने पूर्ण एक बाजू शांतपणे ऐकली आणि विचारलं, "पण आबा, तुम्ही सांगता ते टाळ कुठेयत?"

आबा तिच्याकडे बघतच राहिले. "तुलाही ऐकू येत नाहीत?"

"अगदी बारीक येतात. शेजारच्या वाड्यात वाजल्यासारखे."

आता तेरा वर्षांच्या मुलीचे कान काही गेलेले नव्हते. मग गेलं होतं काय?

चोर सापडला!

अशा वेळी घाईने सगळं उघडून बसायचं नसतं. एकेक गोष्ट वगळत जायचं असतं. आमच्या अँप्लिफायरला हेडफोनची सोय आहे. भाचीने हेडफोन लावला आणि ओरडलीच, "आत्या, टाळ आहेत!" म्हणजे रेकॉर्ड चांगली, प्लेअरची सुई चांगली, अँप्लिफायरही चांगला. दोष राहिला फक्त स्पीकरमध्ये. तोही एका नव्हे, दोन्ही पेट्यांत. दोन्हींचा आवाज सारखाच दबलेला होता, म्हणूनच तर आम्हाला फरक कळला नव्हता. एकच पेटी बिघडली असती तर चार दिवसांत लक्षात आलं असतं.

मी स्पीकरच्या वायरी अँप्लिफायरपासून सोडवल्या, एक पेटी पाठीवर आडवी घातली आणि स्क्रू काढले. आत काय काय असतं ते आधी सांगते, म्हणजे पुढची गंमत कळेल.

माणसाच्या कानाला सेकंदाला साधारण २० कंपनांपासून २०,००० कंपनांपर्यंतचे आवाज ऐकू येतात. पखवाजाचा घुमारा कमी कंपनांचा, टाळांची किणकिण जास्त कंपनांची. हे सगळं एकाच पडद्यातून नीट काढणं कठीण. मोठा जड पडदा सेकंदाला दहा हजार वेळा थरथरू शकत नाही आणि छोटा नाजूक पडदा पखवाजाची थाप झेलू शकत नाही. म्हणून पेटीत दोन स्पीकर बसवतात. मोठा तो वूफर, छोटा तो ट्विटर. आपण वापरतो तसा, गुंडाळलेल्या तारेने पडदा हलवणारा स्पीकर चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोघांनी १९२५ साली अमेरिकेत लोकांपुढे आणला. मूळ कल्पना आजही तीच आहे.

पण अँप्लिफायरकडून तर सगळे सूर एकाच वायरीतून येतात. मग कोणी कुठे जायचं हे ठरवतं कोण? ते काम क्रॉसओव्हरचं. नाव मोठं, पण आमच्या पेटीत तो म्हणजे फळीच्या तुकड्यावर ठोकलेल्या दोनच वस्तू होत्या: तांब्याच्या तारेचं वेटोळं, म्हणजे कॉइल, आणि बोटाच्या पेराएवढा एक कपॅसिटर. कॉइल भराभर बदलणाऱ्या विजेला अडवते आणि संथ बदलणारीला सोडते, म्हणून ती वूफरच्या वाटेवर. कपॅसिटर नेमका उलटा. तो संथ बदलणारीला अडवतो आणि भराभर बदलणारीला वाट देतो, म्हणून तो ट्विटरच्या वाटेवर.

कपॅसिटर तुम्हाला नवा नाही बरं का! पंखा हळू फिरायला लागला की इलेक्ट्रिशियन "कंडेन्सर गेलाय" म्हणतो ना? तोच हा. विजेच्या दोन वाहक पट्ट्या आणि मध्ये वीज न वाहणारा थर, एवढीच त्याची रचना. नेदरलँड्समधल्या लायडन गावाच्या नावाने प्रसिद्ध झालेली, वीज साठवणारी काचेची बरणी १७४५-४६ मधली. ती आपल्या कपॅसिटरची पणजी! त्याची धारकता मोजतात ती फॅरड या एककात, मायकेल फॅरडेच्या नावावरून. फॅरड फार मोठं पडतं, म्हणून त्याचा दहा लाखावा भाग, म्हणजे मायक्रोफॅरड, वापरतात.

आमच्या कपॅसिटरवर ४.७ मायक्रोफॅरड असं छापलेलं होतं. मीटरवर मोजला तर भरला २.९! दुसऱ्या पेटीतला ३.४. शिवाय त्याच्या आतला अडथळाही कितीतरी वाढलेला. गणित करून पाहिलं. आमचा ट्विटर ८ ओहमचा. ४.७ मायक्रोफॅरडला त्याचं काम सेकंदाला साधारण ४,२०० कंपनांपाशी सुरू व्हायला हवं. २.९ ला ते सुरू होतं ६,८०० च्या पुढे. म्हणजे मधले सूर ना धड वूफरला झेपत होते, ना ट्विटरपर्यंत पोचत होते. आणि जे पोचत होते तेही वाढलेल्या अडथळ्यामुळे अशक्त होऊन!

असं का झालं? जुन्या स्पीकरमध्ये बहुधा इलेक्ट्रोलिटिक जातीचा कपॅसिटर असतो. त्यात ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांमध्ये एका द्रवात भिजवलेला कागद गुंडाळलेला असतो. चाळीस-पन्नास वर्षांत हा द्रव हळूहळू वाळत जातो. फळीतला कपॅसिटर गुपचूप वाळत होता आणि आबा दोष आपल्या कानांना देत होते.

माझी फजिती

मी ऐटीत पुण्याच्या तपकीर गल्लीत गेले आणि एका दुकानात म्हटलं, "४.७ मायक्रोफॅरडचे दोन द्या." दोन मिनिटांत काम! घरी येऊन सोल्डरिंगची तयारी केली, तेवढ्यात भाची म्हणाली, "आत्या, ह्याच्यावर वजाची खूण आहे. जुन्यावर कुठेच नव्हती."

मी कपाळावर हात मारला. साध्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरला अधिक आणि उणे अशी ठरलेली टोकं असतात. पण गाण्याची वीज सारखी दिशा बदलत असते, तिथे असा कपॅसिटर चालत नाही. दोन्ही बाजूंनी चालणारा लागतो. दुकानदाराची काही चूक नव्हती, मीच अर्धवट मागितलं होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा वारी! या वेळी भाचीला बरोबर नेलं. आम्ही दोन जोड्या घेतल्या. एक प्लास्टिकच्या फिल्मचे, ज्यांत द्रवच नसतो, त्यामुळे वाळायचा प्रश्नच नाही. दुसरी जोडी जुन्यासारख्याच, दोन्ही बाजूंनी चालणाऱ्या नव्या इलेक्ट्रोलिटिकची, बरीच स्वस्त.

घरी आल्यावर मी दोन्ही पेट्या बदलायला निघाले, तर भाचीने पुन्हा अडवलं. "दोन्ही एकदम बदलल्या तर फरक पडला हे कळणार कसं? आपण पैसे खर्च केलेत, म्हणून आपल्याला छानच वाटणार!"

खरंच की! म्हणून आम्ही एकाच पेटीत फिल्मचा कपॅसिटर बसवला. जोडण्या सोडवण्याआधी फोनवर फोटो काढून ठेवला, कुठली तार कुठे होती ते विसरू नये म्हणून. मग दोन्ही पेट्या शेजारी शेजारी ठेवून पुढे चादर टांगली. अँप्लिफायर मोनोवर टाकला. भाची नाणं उडवायची, छापा आला की एक पेटी, काटा आला की दुसरी. मधूनमधून पेट्यांच्या जागाही बदलायची. आबांनी फक्त "नवी" किंवा "जुनी" एवढंच सांगायचं. दहा वेळा विचारलं. आबांनी नऊ वेळा बरोबर ओळखलं!

मग जुना कपॅसिटर काढून त्या जागी नवा, स्वस्त इलेक्ट्रोलिटिक बसवला आणि तोच खेळ पुन्हा खेळलो: महाग फिल्म की स्वस्त इलेक्ट्रोलिटिक? या वेळी आबांची पाच उत्तरं बरोबर, पाच चूक. भाचीची सहा बरोबर. म्हणजे नुसते अंदाज! यावरून आमच्या पेट्यांपुरतं तरी एक कळलं. वाळलेला आणि ताजा यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. पण ताज्यांमध्ये महाग कुठला आणि स्वस्त कुठला, हे आमच्या कानांना ओळखता आलं नाही. "सोन्यासारखा आवाज" म्हणून हजारो रुपयांचे कपॅसिटरही बाजारात मिळतात. विकत घेण्याआधी चादर टांगून बघा! आम्ही शेवटी दोन्हीकडे फिल्मचेच ठेवले, ते फक्त पुन्हा वाळू नयेत म्हणून.

आणि आबांचे कान?

दोन्ही पेट्या बंद केल्या, जागेवर ठेवल्या. आबांनी रेकॉर्ड पुसली, सुई ठेवली. टाळ वाजले आणि आबांनी चहाचा कप बाजूला ठेवला. मला त्यांच्याकडे बघवेना. आनंद होताच, पण एक टोचणीही होती. चार वर्षं हा माणूस समोर गप्प बसून होता आणि "वय झालं" एवढं म्हणून आम्ही मोकळे झालो होतो. हेडफोन लावून बघायला पाच मिनिटं लागली असती. त्या पाच मिनिटांसाठी आमच्या घरात आठवीतली मुलगी यावी लागली!

पण गोष्ट इथे संपवली तर ती खोटी होईल. भाचीने फोनवर वेगवेगळ्या कंपनांचे सूर लावून सगळ्यांचे कान तपासले. तिला १५,००० च्या वरचंही ऐकू येत होतं, मला १२,००० पर्यंत, आणि आबांना ७,००० च्या पुढे काहीच नाही. म्हणजे आबाही चुकले नव्हते. दोष दोन्हीकडे थोडा थोडा होता. फोनवरची ही चाचणी म्हणजे नुसता खेळ, खरी तपासणी डॉक्टरांकडेच व्हायला हवी. इतके दिवस "काय करायचंय आता" म्हणून टाळणारे आबा या वेळी आपणहून म्हणाले, "पेटी दुरुस्त झाली, आता माझं बघू." त्यांना श्रवणयंत्र मिळालं. आता नातीशी फोनवर बोलताना "काय? काय?" करावं लागत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी असे जुने स्पीकर असतील तर जरूर ऐकून बघा. पण काही गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. स्पीकरची पेटी उघडायची ती वायरी सोडवूनच आणि घरातलं जाणतं मोठं माणूस बरोबर असतानाच. सोल्डरिंगची कावी तीनशे अंशांच्या वर तापते, तेव्हा ती मोठ्यांच्याच हातात असू द्या आणि खिडकी उघडी ठेवा. अँप्लिफायर, टीव्ही किंवा जुना रेडिओ मात्र कधीही उघडायचा नाही. त्यांतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही वीज साठून राहते आणि तिचा झटका जिवावर बेतू शकतो.

आणि घरातलं कोणी "मला आता जमत नाही", "माझं आता वय झालं" असं म्हणालं, तर लगेच मान डोलावू नका. आधी हेडफोन लावून बघा! कदाचित दोष त्यांच्यात नसेल. कदाचित असेलही. पण विचारल्याशिवाय कळणार कसं?

तो वाळलेला कपॅसिटर भाचीने आपल्या कंपासपेटीत ठेवलाय. वर्गात कोणी विचारलं की ती सांगते, "ह्याने आमच्या आबांचे टाळ पळवले होते!"