मामंजींचा जुना संगणक

झाशीच्या त्या मराठी घरात रविवारी दुपारभर एकच वाद चालला होता. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट थांबले आणि दहा वर्षांचा जुना संगणक काही विंडोज ११ घेईना.

"भंगारात देऊन टाकू, बाबा," मुलगा म्हणाला.

बाबा गप्प. नेवाळकर सुभेदारांच्या काळात इकडे आलेल्या घराण्याची वंशावळ त्यांनी त्यावरच टाइप केली होती, तीही जुन्या मराठी फाँटमध्ये.

सूनबाईने लिनक्स सुचवले. लिनस टोरव्हाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये सुरू केलेले हे काम; फुकट आणि सर्वांना खुले. पण प्रकार इतके, की साड्यांच्या दुकानात शिरल्यासारखे व्हावे! उबुंटू ४ जीबी रॅमला जड जाईल, म्हणून तिने मिंटची हलकी एक्सएफसीई आवृत्ती निवडली. ती २ जीबीवरही चालते. आधी हार्डडिस्कला हात न लावता पेनड्राइव्हवरूनच सुरू करून पाहिली.

वंशावळ उघडली, तर नुसती अगम्य चिन्हे! मामंजींचा चेहरा उतरला. सूनबाईने विंडोजमधली फाँटची फाइल इकडे आणली. पणजोबांचे नाव स्वच्छ उमटले.

मामंजींनी चष्मा पुसला. "यात पत्ते आहेत का गं?"