पुन्हा येतो



बोलीच्या अभ्यासासाठी आपण एखाद्या वृद्धाच्या ओटीवर बसता, तेव्हा पहिली भेट सहसा चांगलीच होते. चहा होतो, गप्पा रंगतात, ध्वनिमुद्रण होते. उठताना आपण म्हणता, “पुन्हा येतो.” अभ्यासाचा कस लागतो तो या दोन शब्दांपाशी.

मी नवी मुंबईत राहतो. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि आगरी-कोळ्यांच्या गावांभोवती हे शहर वाढत गेले. आगरी बोलीत ‘पाणी’चे ‘पानी’ आणि ‘डोळा’चे ‘डोला’ होते, हे भेद आजही कानांवर पडतात. परंतु भातशेती आणि मिठागरे यांचे शब्द ऐकू येत नाहीत. कामच सरले, तर शब्द उच्चारायचा कोठे? तो केवळ म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीत उरतो.

वाशीच्या घाऊक बाजारात हिशेबाचे काम करणारी माझी एक विद्यार्थिनी होती. तिला रविवारच काय तो मोकळा. एका आजोबांचे बोलणे तिने मुद्रित केले आणि त्याच रात्री लिहून काढले. ‘उघडी फुटली’ या वाक्यापाशी ती अडली. उघडी वस्तू फुटेल कशी? दुसऱ्या दिवशी तिने दूरध्वनी केला, पुढच्या रविवारी पुन्हा गेली. आजोबांनी अंगणात काठीने रेघा ओढल्या : ही खाडी, हा बांध, हे खारे शेत. शब्द ‘उघडी’ नव्हे, ‘उघाडी’ होता. ओहोटीला शेतातले पाणी बाहेर सोडणारे आणि भरतीला खाडीचे पाणी अडवणारे बांधातील दार. त्या एका शब्दामागून शेतीची सारी रीत उलगडली.

पुढल्या पावसाळ्यात आजोबांना पक्षाघात झाला आणि त्यांची वाचा गेली. नातवाने ध्वनिमुद्रणाची प्रत मागितली. तिने ती त्याच दिवशी पाठवली.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे जुन्या दप्तरांच्या शोधात गावोगाव हिंडले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली निघाला आणि पुढे बावीस खंड झाले. कागदाला वाळवी लागते, हे त्यांना ठाऊक होते. आठवणीची वाळवी डोळ्यांना दिसत नाही, म्हणून आपण निर्धास्त असतो.

‘पाठपुरावा’ म्हटले की आपल्याला कचेरीतील अडलेली फाईल आठवते. पण ‘पाठ’ हा शब्द जसा ‘पाठलाग’मध्ये आहे, तसा ‘पाठराखण’मध्येही आहे. कुणाकडे वेळेवर परत जाणे म्हणजे त्याला त्रास देणे नव्हे. त्याने सांगितलेल्या गोष्टीची राखण करणे होय. विलंब झाला की सांगणाऱ्यालाही वाटते, आपले बोलणे तेवढे मोलाचे नव्हते. मग तो दुसऱ्यांदा मोकळेपणाने बोलत नाही.

आपल्यापैकी बहुतेकांना नोकरी आहे, संसार आहे, हे मी जाणतो. म्हणून मोठे काही मागत नाही. ऐकलेले त्याच रात्री लिहा. शंका आठवड्याच्या आत विचारा. काम पुरे झाल्यावर त्याचे काय झाले, ते सांगणाऱ्याला आवर्जून कळवा. प्रकल्पाला गुण मिळतील तेव्हा मिळोत. ओटीवर दिलेल्या शब्दाची मुदत मात्र आपल्या हाती नसते.