गाडींतला वाटाड्या

घरांत नवी वस्तु येते ती केवळ रिकाम्या जागेंत येऊन बसत नाहीं. बहुधा ती कोणाला तरी जागेवरून उठवीत येते. मिक्सर आला तेव्हां पाटा-वरवंटा परसांत गेला हें सर्वांना दिसलें. परंतु वाटणाचा अंदाज ज्यांच्या बोटांत होता त्या आत्याबाई स्वयंपाकघरांतून हळूच माजघरांत सरकल्या, हें फारच थोड्यांच्या लक्षांत आलें. वस्तूची किंमत दुकानदार सांगतो. तिच्यापायीं घरांतल्या कोणत्या माणसाला काय सोडावें लागणार, हें कांहीं पावतीवर छापलेलें नसतें. आमच्या गाडींतला जुना स्टिरिओ काढून त्या जागीं रस्ता दाखविणारें यंत्र बसविण्याचा बेत निघाला, तेव्हांपासून हा विचार माझ्या मनांत घोळत आहे.

बेताचें कारण साधें होतें. आमचें कुटुंब एकत्र: मामंजी, सासूबाई, भावोजी व जाऊबाई, आम्ही उभयतां आणि मुलें. गाडी मात्र एकच, बारा वर्षांची, मामंजींनीं पारखून घेतलेली. सारी नोकरी त्यांनीं सार्वजनिक बांधकाम खात्यांत केली. पुण्याहून कोंकणांत उतरणारे घाट त्यांना करतलामलकवत् ठाऊक. दोन वर्षांपूर्वीं डॉक्टरांनीं काचबिंदूचें निदान केलें. या रोगांत बहुधा आधीं बाजूचें दिसेनासें होतें. गेलेली दृष्टि परत येत नाहीं, उरलेली तेवढी सांभाळावयाची. त्या दिवशीं मामंजींनीं गाडीची किल्ली खुंटीला लावली, ती पुन्हां हातांत घेतली नाहीं. भावोजी नोकरीमुळें आठवडाभर मुंबईस, आणि हे महिन्यांतले वीस दिवस बाहेरगांवीं. तेव्हां गाडी चालविण्याचें काम माझ्याकडे आलें. मामंजी शेजारीं बसून वाट सांगत. पण फांट्यावरची पाटी त्यांना दिसेपर्यंत फांटा मागें पडलेला असे. "डावीकडे घे... नको, राहूं दे," असें म्हणून ते गप्प होत. त्या गप्प होण्याचें ओझें गाडींत सर्वांवर पडे.

दुसरें कारण आम्हां बायकांचें होतें. रस्ता ठाऊक असणें ही आपल्या घराघरांतून पुरुषांची मिरास होऊन बसली आहे. परवाना मिळवूनहि कित्येक जणी मंडई, शाळा आणि देऊळ या तीन वाटांपलीकडे जात नाहींत. हात चालवावयास शिकले, पण वाटेची धास्ती गेली नाहीं. एके रात्रीं जाऊबाईंच्या आईला भोरास एकाएकीं बरें वाटेनासें झालें. आम्ही दोघीच निघालों. नकाशा होता, पण तो जाऊबाईंच्या मोबाइलमध्यें, आणि मोबाइल त्यांच्या थरथरत्या हातांत. माहेरचा फोन वाजला कीं नकाशा नाहींसा होई. नकाशा पाहावा तर फोन खोळंबे. आईची चौकशी आणि आईची वाट या दोन्ही गोष्टी एकाच वेळीं एका हातांत मावत नव्हत्या. आम्ही पोहोंचलों, आईहि सुधारल्या, पण परततांना जाऊबाई म्हणाल्या, "कांहींहि करा, पण वाट दाखविणारें कांहीं तरी गाडीला पक्कें बसवून घ्या."

घरांत रीतसर सभा भरली. भावोजींनीं किंमतींचें टिपण काढलें, मुलांनीं पडदा केवढा मोठा असावा यावर भर दिला, आणि सासूबाईंनीं, "गाणीं बंद होणार का?" एवढाच प्रश्न विचारला. गाणीं बंद होणार नव्हतीं. मामंजींच्या नाट्यसंगीताच्या तबकड्या तेवढ्या नव्या यंत्रांत चालणार नव्हत्या. मामंजी म्हणाले, "बसवा. मला आतां पाट्या दिसत नाहींत, हें काय मला ठाऊक नाहीं?" इतकें सरळ बोलणें ऐकून कोणालाच आनंद झाला नाहीं.

परंतु काम काढल्यावर तें नीट झालें पाहिजे, हा त्यांचा स्वभाव. ते स्वतः दुकानांत येऊन बसले. पुष्कळ गाड्यांत स्टिरिओची खिडकी ठराविक मापाची असते, हें मला तेथें कळलें. हें माप जर्मनांनीं घालून दिलें: एकेरी खिडकी १८० मिलिमीटर रुंद व ५० मिलिमीटर उंच, दुहेरी तितकीच रुंद, पण १०० मिलिमीटर उंच. आमची दुहेरी निघाली, म्हणून सात इंची पडद्याचें यंत्र डॅशबोर्ड न कापतां बसलें. मागच्या वायरींचा गुंता पाहून मी गांगरलें, तेव्हां मामंजींनीं मला त्यांतले मुख्य रंग समजावून दिले. पिवळी वायर बॅटरीवरून सतत वीज घेते. घड्याळ आणि स्मरण तिच्यावर चालतें. लाल वायरींत किल्ली फिरविल्यावरच वीज येते. काळी गाडीच्या सांगाड्याला जोडलेली. "पिवळी म्हणजे नंदादीप, लाल म्हणजे पूजेपुरतें निरांजन," असें ते म्हणाले, आणि ही उपमा मी आजतागायत विसरलें नाहीं. दोहोंची अदलाबदल झाली तर किल्ली काढतांच यंत्र सारें विसरतें, आणि गाडी उभी असतांहि बॅटरी गळत राहते. मूळच्या वायरी कापावयाच्या नाहींत, मधें जोडणीचा तयार संच घालावयाचा, ही त्यांची पहिली अट. दुसरी अट हँडब्रेकच्या वायरीची. ती असते म्हणून गाडी उभी असतांनाच पडद्यावर चित्रपट दिसतो. कारागिरानें मोठ्या औदार्यानें विचारलें, "ती खालीं जोडून टाकूं का? म्हणजे चालत्या गाडींतहि पिक्चर दिसेल." मुलांचे डोळे चमकले. मामंजी म्हणाले, "ज्यानें ती वायर दिली, त्यानें रस्त्यावरचे अपघात पाहिले असतील. जशी आहे तशीच जोडा." जुना स्टिरिओ त्यांनीं धोतराच्या फडक्यांत गुंडाळून घरीं आणला.

यंत्र आलें तशा शंकाहि आल्या. वरून कोणी आपल्याला सारखें पाहत असतें, ही कल्पना सासूबाईंना मुळींच रुचेना. मामंजींनीं त्यांचें समाधान केलें तें असें: "चार देवळांतल्या घंटा एकाच क्षणीं वाजल्या, आणि कोणती किती उशिरां कानीं आली हें तुला नेमकें कळलें, तर तूं डोळे मिटूनहि आपण कोठें उभ्या आहोंत हें सांगशील. देवळाला तुझा पत्ता नसतो." जी.पी.एस.चें मर्म यांत आलें. सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे ते अमेरिकन उपग्रह आपली वेळ आणि आपलें स्थान सांगत राहतात; गाडींतलें यंत्र निदान चार उपग्रहांचें ऐकून आपलें ठिकाण काढतें. त्या उंचीवर घड्याळें दिवसाकाठीं सुमारें ३८ मायक्रोसेकंद पुढें जातात, आणि आइन्स्टाइनच्या सापेक्षतावादाप्रमाणें त्यांची दुरुस्ती केली नाहीं तर एका दिवसांत कित्येक किलोमीटरांची तफावत पडेल. मे २००० पर्यंत तर अमेरिकन सरकार सामान्य लोकांसाठीं हे संदेश मुद्दाम अंधुक ठेवी; शंभर मीटर इकडे-तिकडे होणें ठरलेलेंच. शंभर मीटरांत देऊळ कोणतें आणि नदी कोणती! आपल्या भारतीय अवकाश संशोधन संस्थेनेंहि अशी व्यवस्था उभारली आहे. तिचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजीं सोडला, आणि २०१६ सालीं तिला 'नाविक' हें अन्वर्थक नांव मिळालें.

उपग्रहांच्या आधींचीहि एक गोष्ट मला मोठी गोड वाटते. १९८५ सालीं कॅलिफोर्नियांत 'इटॅक' नांवाचें मोटारीचें वाटाडे यंत्र विक्रीस आलें. तें चाकांचे फेरे आणि होकायंत्र यांवरून गाडी कोठें आली असेल याचा हिशेब करी. आणि त्याचे नकाशे चक्क कॅसेटींवर असत! इटॅक हा शब्द प्रशांत महासागरांतल्या बेटांवरील दर्यावर्दींचा. त्यांच्या हिशेबाच्या पद्धतींत आपली होडी स्थिर मानावयाची, आणि बेटें मागें सरकत आहेत असें समजावयाचें. आमच्या पडद्यावरहि तसेंच दिसतें: गाडीचा बाण जागच्या जागीं, आणि सारी सृष्टि त्याच्याकडे चालत येते.

यंत्र बसल्यावर पहिला मोठा प्रवास गुहागरास, व्याडेश्वराच्या दर्शनास. ताम्हिणी उतरून माणगांव, पुढें महाड, खेड, चिपळूण असा रस्ता. पौडपर्यंत यंत्रांतल्या बाई अखंड बोलत होत्या आणि मामंजी अखंड गप्प होते. एका ठिकाणीं चहासाठीं आम्ही रस्ता सोडला, तर बाईंनीं क्षणभर थांबून शांतपणें नवी वाट आंखली. सासूबाई मागून म्हणाल्या, "सांगितलेलें ऐकलें नाहीं तरी ही रागावत नाहीं. तेवढें मात्र घेण्यासारखें आहे." मामंजी हंसले, पण बोलले नाहींत.

मुळशीच्या पुढें मोबाइलचें नेटवर्क गेलें, आणि एक विलक्षण प्रकार घडला. रस्ते, गांवें, नद्यांचीं नांवें हळूहळू पुसलीं गेलीं, आणि करड्या मैदानांत आमचा निळा बाण तेवढा पुढें सरकत राहिला. कारण समजण्यासारखें आहे. ठिकाण आकाशांतून कळतें, त्याला नेटवर्क लागत नाहीं. नकाशा मात्र नेटवर्कवरून येतो, किंवा आधींच यंत्रांत साठवून ठेवावा लागतो, आणि तो भाग त्या दिवशीं यंत्रांत उतरलेला नव्हता. आपण कोठें आहोंत हें त्याला पक्कें ठाऊक होतें. पण 'कोठें' म्हणजे काय, हें त्याच्यापाशीं कांहींच नव्हतें.

तेव्हां मामंजी बोलूं लागले. पण "डावीकडे, उजवीकडे" असें नव्हे. ते म्हणाले, "आतां एक मोरी येईल. तिचें काम चाललें असतां आम्ही अकरा दिवस पावसांत तंबूंत होतों." मोरी आली. "पुढें धुकें उतरतें, दिवे लाव." धुकें उतरलें. उजव्या कपारींतला बारमाही झरा, दरड कोसळण्याची जागा, विळ्याचा फांटा — सारें एकामागून एक येत गेलें. पाटी वाचण्याची जबाबदारी अंगावर नसल्यामुळें त्यांचा आवाज मोकळा झाला होता. महाडच्या पुढें सावित्रीवरून जातांना नेटवर्क केव्हांच परत आलें होतें, तरी गाडींत ते एकटेच बोलत होते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं पुरांत तेथला ब्रिटिश अमदानींतला दगडी पूल गेला, आणि एस.टी.च्या दोन गाड्या प्रवाशांसह नदींत गेल्या. पुढच्या वर्षीं नवा पूल उभा राहिला. "नकाशावर पूल म्हणजे एक रेघ," मामंजी म्हणाले. "नदीला ती रेघ दिसत नाहीं. पावसाळ्यांत पुलापाशीं आलीस कीं पडद्याकडे पाहूं नकोस, पाण्याकडे पाहा." अशी सूचना कोणत्या उपग्रहानें द्यावी?

गुहागरास रात्रीं माझ्या लेकीनें त्या यंत्रांतली एक सोय शोधून काढली. नकाशावर आपल्या मनाची खूण करून तिला नांव देतां येतें. तिनें पहिली खूण केली 'आजोबांची मोरी.' मग जेवणें आटोपून सारें घर तिच्याभोंवतीं जमलें. मामंजी सांगत गेले, ती टिपीत गेली: 'गोड झरा', 'येथें हॉर्न द्यावा', 'पावसांत पाण्याकडे पाहावें'. सासूबाईंनीं आपली भर घातली: 'येथें मुलांना मळमळतें, गोळी आधीं द्यावी'. परत आल्यावर जाऊबाईंनीं पुणें-भोर वाटेवर स्वतःच्या खुणा केल्या, आणि गेल्या महिन्यांत त्या एकट्या गाडी घेऊन आईला भेटून आल्या. घरांतून निघतांना त्यांनीं वाकून मामंजींना नमस्कार केला, आणि मग यंत्र चालू केलें. त्या दोन्ही गोष्टींत मला कसलाहि विरोध वाटला नाहीं.

मामंजींची जागा यंत्रानें घेतली का, असें कोणी विचारील. मला वाटतें, जी जागा त्यांना दिवसेंदिवस जाचत होती ती घेतली. वळण दाखविण्याचें काम यंत्र त्यांच्याहून चांगलें करतें. वळणामागचें आयुष्य मात्र त्यांनाच ठाऊक, आणि तें विचारून घ्यावें लागतें. ज्या घरीं असें यंत्र बसवावयाचें असेल त्यांनीं पिवळी आणि लाल वायर तपासावी, नकाशे आधीं साठवून ठेवावेत. आणि वाट ज्यांच्या तोंडीं आहे अशा वडीलधाऱ्या माणसाला पहिल्या प्रवासांत शेजारीं बसवून एका मुलाच्या हातीं टिपण द्यावें. मामंजींची दृष्टि होती तेवढीच आहे, सुधारण्यासारखी ती नाहीं. खुणांची संख्या मात्र काल एकेचाळीस झाली.