दोन अक्षरांमधली उसंत

१९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडल रोड स्टेशनाजवळ कारखाना उभारला. तेव्हापासून आमच्या पलूस भागाला यंत्रांची सवय आहे, आणि चालतं यंत्र मोडीत काढायला इथं कुणाचा हात धजत नाही. माझं पोट त्यावरच चालतं. वजनकाट्याचा इंडिकेटर, दूध संकलन केंद्रावरचं फॅटमशीन, वर्कशॉपातली जुनी सीएनसी, बहुतेकांच्या पाठीला नऊ पिनांचं पोर्ट असतं. आरएस-२३२ हे त्याचं प्रमाण १९६० सालचं. त्याला आजच्या नेटवर्कमध्ये आणायचं तर मधे तळहाताएवढी डबी लागते, डिव्हाइस सर्व्हर. एका अंगाला नऊ पिना, दुसऱ्या अंगाला नेटवर्कची केबल. ऑफिसातल्या प्रोग्रामला वाटतं, यंत्र आपल्याच कॉम पोर्टला जोडलंय.

गरज अंतरामुळे पडते. आरएस-२३२ची तार १५ मीटरपर्यंतच भरवशाची, आणि काट्याची केबिन ऑफिसपासून तीन-तीनशे मीटर लांब. नेटवर्कची तांब्याची केबलही १०० मीटरला थांबते, म्हणून पुढे मी फायबर टाकतो. वळवाच्या पावसात वीज पडली तर काचेच्या धाग्यातून ती पलीकडे जात नाही, हा मोठा फायदा.

जोडणी सोपी: पिन २, ३ आणि ५. वेग सेकंदाला ९६०० बिट, म्हणजे एका अक्षराला साधारण एक मिलिसेकंद. खरं काम त्यानंतर सुरू होतं, आणि ते मला शेजारच्या जिल्ह्यातल्या एका काट्यावर कळलं.

ऐन हंगाम होता. उसाची ट्रॉली काट्यावर आली, बाहेरच्या पाटीवर १८४६० किलो आलं. पावती निघाली १८४६ची. ऊसवाले आजोबा खिडकीशी आले. “साहेब, भाईर आठरा टन दिसतंय की. पावतीला एक टन आठशे कसं?” आवाज चढलेला नव्हता, पण मागे रांगेतली माणसं गोळा झाली. काटामारी हा शब्द आमच्याकडे घराघरात बोलला जातो. वर्षभर राबलेल्या माणसाचा दाम त्या एका आकड्यावर ठरतो.

चूक माझी होती. इंडिकेटर वजनाचे अंक पाठवतो आणि शेवटी एक खुणेचं अक्षर. तारेवर ते सलग येतात, पण डबी त्यांची पाकिटं करून नेटवर्कवर सोडते, आणि पाकीट कुठं बंद होईल याचा नेम नसतो. त्या वेळी शेवटचं शून्य दुसऱ्या पाकिटात गेलं. माझा प्रोग्राम पहिल्याच पाकिटाला पूर्ण वजन समजून बसला. शेवटच्या खुणेची वाट पाहायला मी त्याला सांगितलंच नव्हतं. डबीतही ती खूण दिसल्यावर पाकीट बंद करण्याची सोय होती, तीही मी लावली नव्हती. पुढच्या गाडीआधी दोन्ही केलं. आजोबांची ट्रॉली पुन्हा काट्यावर घेतली, नवी पावती त्यांच्या हातात दिली आणि माफी मागितली.

तेव्हापासून मी दोन अक्षरांमधल्या उसंतीकडेही लक्ष देतो. १९७९ सालच्या मॉडबस या यंत्रांच्या संवादपद्धतीच्या आरटीयू प्रकारात तर साडेतीन अक्षरांएवढी शांतता हाच निरोपाचा शेवट. ९६००च्या वेगाला ती सुमारे ४ मिलिसेकंद भरते. नेटवर्क अक्षरं बिनचूक पोचवतं, त्यांच्यामधली शांतता पोचवत नाही. म्हणून तिथं मॉडबस कळणारी डबीच घ्यावी लागते. नुसती अक्षरं ढकलणारी स्वस्तातली डबी मी सुचवत नाही, काम हातचं गेलं तरी चालेल.

आता कुठल्याही काट्यावर मी आधी केबिनमध्ये लॅपटॉप लावून इंडिकेटरचं बोलणं अर्धा तास नुसतं ऐकतो. मग डबी बसवतो. शेवटी भरलेली गाडी काट्यावर घेतो आणि गाडीवाल्यालाच खिडकीशी बोलावतो. पाटीवरचा आकडा तो मोठ्यानं वाचतो, मी पावतीवरचा. अशा वीस गाड्या झाल्याशिवाय मी हत्यारांची पिशवी बांधत नाही.