संगणकाच्या पोटात संगणक

मंडळी, व्हर्च्युअल मशीन म्हणजे आपल्या संगणकात ठेवलेला पोटभाडेकरू! व्हर्च्युअलबॉक्ससारखं फुकट सॉफ्टवेअर त्याला थोडी मेमरी आणि डिस्कवरची एक मोठी फाईल देतं. आतल्या विंडोजला वाटतं, अख्खा संगणक आपलाच.

उपयोग काय? बाबांनी २००३ साली आठवणी टंकल्या, तो मराठी प्रोग्रॅम माझ्या नव्या लॅपटॉपवर चालेचना. मग जपून ठेवलेल्या सीडीवरून आत एक्सपी बसवलं. त्याचे सुरक्षा-अपडेट २०१४ मध्येच थांबलेत, म्हणून नेटवर्क बंद. स्नॅपशॉटही घेतला, काही बिघडलं तर एका क्लिकमध्ये पूर्ववत.

बाबा आता नाहीत. पण त्यांची अक्षरं इथे अमेरिकेत जशीच्या तशी उमटली. तुमच्याही घरी अशा फायली पडून असतील, तर सीडी खराब होण्याआधी हे करून बघाच!