मुक्काम संपतो, विहार सुरू होतो

कार्तिकी पौर्णिमेच्या सकाळी घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली येथील उपाश्रयांसमोर एकच दृश्य दिसते. चार महिने ज्या पाटावरून व्याख्यान झाले, तो पाट रिकामा असतो. पात्रे झोळीत बांधलेली असतात, हाती दंड आणि रजोहरण असते. मांगलिक होते, जयजयकार होतो आणि साधू-साध्वीजी महाराज अनवाणी पायांनी रस्त्यावर उतरतात. त्याच दिवशी पालिताण्याची चार महिने थांबलेली शत्रुंजय यात्राही खुली होते. ज्यांना तेथे जाणे शक्य नसते, ते उपनगरातच शत्रुंजयाच्या पटाचे दर्शन घेतात. दिगंबर परंपरेत वर्षायोगाची समाप्ती त्याआधी, दीपावलीच्या सुमारास होते. तिथी वेगळी असली तरी अर्थ एकच : थांबण्याचा काळ संपला, चालण्याचा काळ आला.

हा मुक्काम सोयीसाठी नसतो. पावसाळ्यात जमीन हिरवी होते, पावलोपावली सूक्ष्म जीव उत्पन्न होतात. त्यांची विराधना टळावी म्हणून पाय थांबवायचे. पाऊस सरला, वाटा कोरड्या झाल्या की थांबण्याचे कारण संपते. शेष आठ महिन्यांसाठीही शास्त्राने मर्यादा घातली आहे. सर्वसाधारणपणे साधूंनी एका गावी एक महिना आणि साध्वींनी दोन महिने, यापेक्षा अधिक राहू नये. जागेचा, माणसांचा आणि घरोघरच्या आदराचा मोह जडू नये, हा त्यामागचा हेतू आहे.

भगवान महावीरांच्या बेचाळीस चातुर्मासांची नोंद कल्पसूत्रात आहे. राजगृह व नालंदा येथे १४, वैशाली व वाणिज्यग्राम येथे १२, मिथिलेत ६, चंपा व पृष्ठचंपा येथे ३, भद्रिकेत २ आणि अस्थिकग्राम, आलंभिका, पणितभूमी, श्रावस्ती व पावापुरी येथे प्रत्येकी १. राजगृह आणि वैशाली ही त्या काळची वैभवशाली नगरे होती. प्रभू तेथे पुनःपुन्हा आले, परंतु प्रत्येक वेळी पाऊस ओसरताच तेथून निघाले.

बोरिवलीच्या पूर्वेस, राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरात, याच श्रमण परंपरेच्या दुसऱ्या शाखेची साक्ष उभी आहे. कान्हेरीत शंभराहून अधिक लेणी आहेत. खडकातील ओटे आणि पावसाचे पाणी साठवणारी टाकी पाहिली की बौद्ध भिक्षूंचा वर्षावास डोळ्यांसमोर येतो. आज ज्या उपनगरात गाडीसाठी धावपळ चालते, तेथे चालणाऱ्यांच्या विसाव्याची परंपरा इतकी जुनी आहे.

चालणे आणि थांबणे यांचे हे नाते धर्मक्षेत्राबाहेरही दिसते. अमेरिकेत अॅपलाचियन ट्रेल नावाची सुमारे ३,५०० किलोमीटरची पायवाट चौदा राज्यांतून जाते. ती एका दमात चालणारे प्रवासी मधूनमधून एखाद्या गावात उतरतात, कपडे धुतात, पोटभर जेवतात. ज्या दिवशी वाटेवर एक मैलही चालणे होत नाही, त्या दिवसाला ते ‘शून्य दिवस’ म्हणतात. थकलेल्या शरीराला तो हवाच; पण मऊ गादी आणि गरम जेवण सोडून पुन्हा वाटेला लागणे चढण चढण्याहून कठीण, असा पुष्कळांचा अनुभव आहे. त्या प्रवाशाला गावातून केवळ स्वतःचे मन उठवावे लागते. साधुभगवंतांच्या बाबतीत मात्र थांबवणारे हात आपले, श्रावकांचे असतात.

‘साहेबजी, आणखी दोन दिवस’ ही विनंती प्रत्येक संघात होते. तिच्यामागे भाव असतो, यात शंका नाही. परंतु निरोपाची भाषणे लांबली, सत्कार वाढले, की निघण्याची वेळ टळते. मग ऊन चढते, डांबर तापते आणि चार महिन्यांत काहीशा मऊ पडलेल्या तळव्यांना त्याचा चटका बसतो. घाटकोपर ते मुलुंड हे अंतर रेल्वेने सुमारे १२ किलोमीटर. अंधेरी ते बोरिवलीही तितकेच. लोकलने ते वीसएक मिनिटांचे असेल, पण अनवाणी पायांना त्यासाठी अख्खी सकाळ लागते. लालबहादूर शास्त्री मार्गावर मेट्रोचे खांब, अपुरे पदपथ आणि अखंड वाहतूक यांतून वाट काढावी लागते.

पहिल्या दिवशी या वाटेवर शेकडो माणसे सोबत असतात. ठाण्याच्या टेंभी नाक्यावरील कोकण शत्रुंजय तीर्थापर्यंत गर्दी बऱ्यापैकी टिकते. त्यानंतर नाशिक महामार्ग लागतो आणि सोबतीचे लोक कमी होऊ लागतात. शहापूरच्या मानस मंदिराकडे जाताना, किंवा दहिसरहून घोडबंदर आणि वसईची खाडी ओलांडून अहमदाबाद महामार्गाने जाताना, अनेकदा दोन-तीन साध्वीजी आणि एखादा सेवकच उरतो. अवजड वाहने शेजारून जातात. विहारातील अपघातांच्या वार्ता येतात, त्या अशाच मोकळ्या महामार्गांवरून.

म्हणून निरोपाच्या सकाळपेक्षा चौथ्या दिवसाची सकाळ महत्त्वाची. संघाने तरुणांच्या पाळ्या लावाव्यात. पुरेसा उजेड होण्यापूर्वी निघण्याचा आग्रह कोणी करू नये. सोबत्यांनी चकाकणारी जाकिटे घालावीत, शक्यतो समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने चालावे, व्हीलचेअरवर वयोवृद्ध महाराज असतील तर पुढे-मागे माणूस ठेवावा. पुढच्या मुक्कामाच्या जागेची आधी चौकशी करावी. दुकान दोन तास उशिरा उघडले तर व्यवहार बुडत नाही. दिवाळीत पूजलेल्या नव्या चोपड्यात या दोन तासांची नोंद जमेच्या बाजूलाच होईल.

उपाश्रयाचा पाट रिकामा झाला की घराघरांत पोकळी जाणवते. ती लवकर भरू नये, हेच बरे. चार महिने ऐकलेले किती आचरणात उतरले, याचा हिशेब त्या रिकाम्या पाटासमोरच नीट होतो. महाराज वाटेला लागलेले असतात. मुक्काम आता श्रावकाचा संपायचा असतो.